मामांच्या शेजारची जागा

“हिची जागा हिनंच घालवली, आता आपण तरी काय करणार?”

बेंजामिन काका हे बोलले तेव्हा ते एकात एक अडकलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून सोडवत होते. काका म्हणजे चर्चच्या मंडळीचे पंच, दफनभूमीचं सगळं तेच बघतात. त्यांच्यासोबत खुर्च्या मांडणाऱ्या माणसानं नुसती मान हलवली. मी मोरीपाशी चहाचे कप विसळत होते आणि दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. माझ्याकडे सहसा कुणाचं जात नाही, आत्या. तू म्हणायचीस, ही पोरगी घरात असली तर मांजर हाय का माणूस तेच कळत न्हाई.

तू आत होतीस. शवपेटी यायला वेळ होता, म्हणून तुला तुझ्याच खाटेवर निजवलं होतं. पांढरी साडी, हाताखाली तुझं झिजलेलं बायबल, पायाशी कुणीतरी आणून ठेवलेली शेवंती. मी दारातून बघितलं, आणि सगळ्यात आधी मनात आलं ते रडण्यासारखं काही नव्हतं. मनात आलं, चला, शेवटी एकदाची ही खाट हिला मिळाली.

हे ऐकून तू हसली असतीस. मला मात्र राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. तुला जाऊन अजून आठवडाही झालेला नाही. बाबा म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मग रागवायचं कधी? तू होतीस तेव्हा वाद घालायला समोर बसायचीस, आणि नेमकं मी मुद्द्यावर आले की दारात कुणीतरी यायचं. तू उठून जायचीस. आपला एकही वाद पुरा झाला नाही.

खाटेचं तुला आठवत नसेल. तुझ्या दृष्टीनं त्यात आठवण्यासारखं काही नव्हतंच. मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला साताऱ्याहून मिरजेला तुझ्याकडे आणून सोडायचे. तू दवाखान्यात आया, तुझे मालक, आमचे मामा, तिथल्याच लाँड्रीत. मागच्या गल्लीत तुमची एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा, बाजूला मोरी. त्या वर्षी तू मला कबूल केलं होतंस की या खेपेला सलूनं खाटेवर झोपायचं, खिडकीशी. मी सबंध एसटीभर तेच डोक्यात घेऊन आले. येऊन बघते तर खाटेवर अथणीकडची एक म्हातारी. तिचा मुलगा वॉर्डात होता आणि तिला रात्री टेकायला जागा नव्हती. तिला मराठी येत नव्हतं. तुला कानडी येत होतं ते जेवलीस का एवढं विचारण्यापुरतं. तू ते विचारायचीस आणि ती अर्धा तास बोलायची. तू मान डोलवायचीस, मध्येच “अगं बाई” म्हणायचीस. नंतर मी विचारलं, काय सांगत होती? तू म्हणालीस, “मला काय ठावं? पर लय दिवसाचं साठलं हुतं बिचारीचं.”

मी सुट्टीभर भिंतीकडेला सतरंजीवर. मी फुगून बसले तेव्हा तू मला समजावलंस ते असं: “तिची पाठ दुखती गं. तुझी पाठ नवी हाय.”

माझी पाठ नवी होती हे खरंच होतं.

मग कुकर. बाबांनी तुला नाताळला प्रेशर कुकर दिला होता, मामांना डाळ शिजलेली लागायची म्हणून. तो कुकर मी तुझ्या घरात कधीही पाहिला नाही. तो कायम कुठल्या ना कुठल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे असायचा. एकदा जतवाल्यांकडे, एकदा विट्याच्या कुणाकडे. तू मात्र पातेल्यावर ताटली झाकून डाळ शिजवत बसायचीस आणि मामा कुरकुरत न शिजलेली डाळ खायचे. एकदा ते मला म्हणाले, “सलू, तुझ्या आत्याला सांग, एकदा कुकरलाच जेवायला बोलवू. ओळख तरी व्हईल माझी.” तू स्वयंपाक करता करता खूप हसलीस. दुसऱ्या दिवशी कुकर परत आला, आणि संध्याकाळी परत गेला.

मला नेहमी वाटायचं, हे मामांवर बरोबर नाही. देणारी तू, पण कच्ची डाळ ते खाणार. तू कधी विचारलंस त्यांना?

माझ्या साताऱ्याच्या शाळेत नाताळच्या आधी वर्गात एक मोठं खोकं ठेवायचे. त्यावर रंगीत कागद, आणि इंग्रजीत लिहिलेलं, गरिबांसाठी. आम्ही त्यात बिस्किटांचे पुडे, तोकडे झालेले स्वेटर टाकायचो. आमच्या टीचर समजावून सांगायच्या की आपल्याकडे जास्तीचं असेल त्यातून दुसऱ्याला द्यावं. मला ते स्वच्छ पटायचं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं. त्यात एक हिशोबीपणा आहे, कुणाची झोप जात नाही, कुणाच्या पोटात कच्ची डाळ जात नाही. गरीब म्हणजे कोण, हे मात्र मला बरीच वर्षं कळलं नाही. मला वाटायचं, ते कुठंतरी लांब असतात. ती खोकी भरून जिथं जायची तिथं तुझ्यासारखीच माणसं राहतात, तुझ्या गल्लीसारख्याच गल्ल्या असतात, हे लक्षात आलं तेव्हा मी कॉलेजात होते.

तुझ्याकडे जास्तीचं कधी काही नव्हतंच. म्हणून कुठं थांबायचं ते तुला कळायचं नाही.

मी हे तुला एकदा बोलूनही दाखवलं होतं. पुढं असंही म्हणाले होते की तू देतेस म्हणून बाकीचे निवांत बसतात. ज्यांची दोन मजली घरं आहेत, ज्यांची मुलं परदेशात आहेत, ते उपासनेनंतर तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, सुशीलाबाई आहेत की. म्हणजे आजारी माणसाकडे सुशीलाबाई जातील, उपाशी कुणी आला तर सुशीलाबाईंच्या दारात पाठवा. तुझ्या विश्वासाची त्यांना मोठी सोय होती. तू ऐकत होतीस. शेंगा सोलत होतीस. मग म्हणालीस, “त्यांचं त्यांच्यापाशी गं. मी त्यांच्या वाट्याचं कुठं देतीय?” आणि मी पुढचं बोलायच्या आत गल्लीतली कुणीतरी पोटात दुखतंय म्हणून आली, आणि तू ओवा शोधायला उठलीस.

आता तुला उठता येत नाही. म्हणून पुढचं आत्ता सांगते. देत होतीस ते त्यांच्या वाट्याचं नव्हतं, ते खरं. पण पुष्कळदा ते आमच्या वाट्याचं होतं.

तुझी प्रार्थनाही तशीच. घरात प्रार्थनेला बसलं की एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि पाळी फिरत यायची. माझी आली की मी डोळे मिटून गप्प. सगळे वाट बघत. मामा खाकरायचे. मग तूच “आमेन” म्हणून मला सोडवायचीस. नंतर चिडवायचीस, “देवाला कळतंय गं तुझ्या मनातलं, पर आमाला पण कळू दे की.” आणखी एक असायचं, “का इंग्रजीतनं करतीस? तिकडची लाइन लवकर लागती काय?” पण चर्चमधल्या बायका जेव्हा विचारायच्या, ही मुकी आहे का, तेव्हा तू त्यांना ठणकावून सांगायचीस की ती ऐकणाऱ्यातली हाय, बोलणारे आपण ढीगभर हाय.

त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. मला सगळ्यांनी बोलती करायचा प्रयत्न केला, शाळेनं, कॉलेजनं, शिरवळच्या कंपनीत इंटरव्ह्यू घेणाऱ्या माणसांनी. त्या इंटरव्ह्यूला तू उगाचच माझ्याबरोबर आली होतीस. मी आत होते तोवर बाहेर गेटपाशी दगडावर बसलीस. मी बाहेर आले तर वॉचमनच्या गुडघ्यावर हात ठेवून तुझी प्रार्थना चाललेली, आणि तो गणवेशातला माणूस टोपी काढून डोळे मिटून बसलेला. मला इतकी लाज वाटली की मी पुढं चालू लागले. तू मागून धापा टाकत आलीस आणि विचारलंस, “बोललीस का?” मी म्हटलं, थोडंसं. “बास की,” तू म्हणालीस. “थोडंसंच बोलायचं. खरं असलं म्हंजे झालं.” नोकरी लागली. तो वॉचमन अजून मला विचारतो, बाई बऱ्या आहेत का? परवा मी कामावर गेले तेव्हाही त्यानं विचारलं. मी मान हलवली आणि आत गेले.

हे सगळं मी सोसलं असतं, आत्या. खाट, कुकर, सगळं. जागेचं मात्र नाही.

मामा गेले तेव्हा त्यांना जुन्या दफनभूमीत भिंतीकडेला जागा मिळाली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती मोकळी जमीन. ती तू पंचांना सांगून तुझ्यासाठी राखून घेतलीस. मोठ्या लोकांनी आपल्या राखीव जागांना लोखंडी कठडे केलेत, कुणी फरशी बसवली आहे. तू पेशंटच्या एका गवंडी नातेवाइकाकडून उरलेल्या विटा आणल्यास आणि भोवतीनं एक ओळ लावलीस. तुझ्या सबंध आयुष्यात तू स्वतःसाठी म्हणून राखलेली ती एकच गोष्ट, मला तरी दुसरी माहीत नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आपण दोघी तिथं जायचो. सगळी मंडळी येते, आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, धुऊन, चुना लावते, कारण पहाटेची उपासना तिथंच असते. जो तो मेणबत्ती घेऊन आपापल्या कबरीशी उभा राहतो. तू मामांच्या कबरीला चुना लावायचीस आणि मी त्या विटांवर ब्रश फिरवायचे. तू म्हणायचीस, माझी खोली झाडून ठेव चांगली. मी म्हणायचे, असं बोलू नकोस. पण मनातून मला ते बरं वाटायचं. मला वाटायचं, पुढं कधीतरी मी एकटी येईन, आणि मला एकाच ठिकाणी उभं राहायला लागेल. तुम्ही दोघं शेजारी, मध्ये माझी मेणबत्ती. मला मूलबाळ, घर, या गोष्टींचं चित्र कधी नीट दिसत नाही. हे मात्र मला अगदी स्वच्छ दिसायचं.

आणि तू फोनवर सांगितलंस. तेही आधी टोमॅटो केवढे महागलेत ते सांगून झाल्यावर. म्हणालीस, “बरं सलू, ती मामांच्या शेजारची जागा हाय न्हवं, ती मी दिली.”

उसाच्या हंगामात जालन्याकडून ऊसतोडीची एक टोळी आली होती. त्यांच्यात काही घरं ख्रिस्ती होती. त्यातली एक म्हातारी, कडूबाई, ऊस तोडायला नव्हे तर नातवंडं सांभाळायला आलेली, इथं आजारी पडून दवाखान्यात दाखल झाली. तू तेव्हा रिटायर झाली होतीस, तरी रोज वॉर्डात जाऊन बसायचीस. शेवटी तूच तिचे डोळे मिटलेस. मुलाला आईला गावी न्यायचं होतं, पण गाडी करण्याजोगं काही त्याच्याजवळ नव्हतं. टोळीत कुणी म्हणालं, उसाच्या बांधाला पुरू, सकाळी तोड आहे. मुलगा चर्चच्या पायरीवर येऊन बसला. पंच म्हणाले, जुन्या जागेत सभासदांनाच पुरेसं नाही, आणि नव्या जागेला अजून रस्ता नाही. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला चहा दिला. चहा प्यायला लावून ते विचार करत बसले, आणि तू म्हणालीस, माझी हाय की रिकामी.

एवढंच. रिकामी. जणू तुझ्याकडे एक जादा पाट होता.

बायकांनी तुला पुढं कितीतरी दिवस छळलं. “काय सुशीलाबाई, मालकांच्या शेजारी सवत आणून बसवली?” तू म्हणायचीस, “बरं झालं की. मी बोलायची तवा ते ऐकत न्हवते. बगू आता हिचं तरी ऐकत्यात का.” सगळ्या हसायच्या. मी त्या ईस्टरला आले तेव्हा विटांच्या ओळीच्या आत मातीचा उंचवटा होता आणि एक लाकडी क्रूस. क्रूसावर कडूबाईचं नाव, पांढऱ्या रंगानं, तुझ्या वाकड्या अक्षरात. तू मामांच्या कबरीला चुना लावलास, मग ब्रश बादलीत बुडवला आणि मला म्हणालीस, घे, तू तिच्या विटा कर. मी ब्रश घेतला नाही.

आपण तिथंच भांडलो, हळू आवाजात, कारण शेजारच्या कबरीपाशी माणसं होती. मी म्हटलं, तुला कुठं ठेवायचं मग? तू म्हणालीस, मी काय आज मरतीय व्हय? मी म्हटलं, ती जागा तुझ्या एकटीची नव्हती, मला एकदा विचारायचं होतंस. तू थांबलीस. मला वाटतं, तेवढा एकच क्षण तुला माझं म्हणणं लागलं. तू म्हणालीस, “तुला विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. मग मला न्हाई म्हणाया लागलं असतं त्या पोराला.” मी म्हटलं, म्हणायचं होतंस. एकदा तरी कुणाला नाही म्हणायचं होतंस. तू बादली उचललीस आणि कडूबाईच्या विटांशी बसलीस. तुझे गुडघे दुखत होते. मी तशीच उभी राहिले.

पुढच्या हंगामात तिचा मुलगा परत आला. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी तो तुझ्या दारात आला, सोबत प्लास्टिकच्या पिशवीत घरची तुरीची डाळ. जेवलासुद्धा नाही, उभ्या उभ्या कबरीवर जाऊन आला. ती डाळ तू त्याच रात्री अर्ध्या गल्लीत वाटलीस, हेही तू मला फोनवर सांगितलंस, आणि मी फोन ठेवून दिला. त्यानंतर ती टोळी या भागात आली नाही. क्रूसाला वाळवी लागली. तू मात्र दर ईस्टरला दोन्हीकडे चुना लावत राहिलीस.

तर तुला न्यायचा तो दिवस होता, आणि आत पेटी आली होती. पेटीत तुला ठेवल्यावर बाबा बाहेर आले. ते तुझ्यापेक्षा इतके लहान की त्यांना आई आठवतच नाही, तूच आठवतेस. त्यांनी काकांचा हात धरला आणि एकच म्हणाले, ताईला दाजींच्या शेजारी ठेवा, माझं बाकी काही मागणं नाही.

काकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. पाळकसाहेब आले. आणि मग ते बोलणं सुरू झालं, हळू, समजुतीच्या आवाजात. दाजींचीच कबर उघडता येईल का, असं बाबांनी विचारलं. काका म्हणाले, मंडळीचा नियम आहे, ठरलेली वर्षं भरल्याशिवाय सभासदाची कबर उघडायची नाही, आणि मामांची अजून भरलेली नाहीत. नवी जागा तयार आहे, पण ती लांब, उसाच्या फडांच्या पलीकडे. चिकट काळी जमीन, एक झाड नाही, अजून तिथं कुणालाच ठेवलेलं नाही. सुशीलाबाई पहिल्या असतील.

मी तिथं दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पहिली म्हणजे एकटी, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. तू, जिच्या खोलीत माझ्या आठवणीत एकदाही एकटं माणूस झोपलेलं नव्हतं. ती तू एका रिकाम्या रानात. मला रागच आला, आत्या. मला तुला हलवून विचारावंसं वाटलं, बघितलंस? बघितलंस आता काय झालं ते?

मग काकांनी आवाज आणखी खाली घेतला. म्हणाले, एक मार्ग हाय. त्या टोळीवाल्या बाईची जागा. क्रूस तर मोडलाच हाय. आपण खणू, जे काय असंल ते व्यवस्थित गोळा करून कोपऱ्यात पुरू, प्रार्थना करून, आणि सुशीलाबाईंना त्यांच्या हक्काच्या जागी ठेवू. पाळकसाहेबांनी नियमाचं विचारलं. काका म्हणाले, “नियम सभासदांच्या कबरीला हाय. ती बाई कुठं सभासद हुती? आणि इचारायला तरी कोण येतंय?”

ते काही वाईट मनानं म्हणत नव्हते, हे मला आजही वाटतं. त्यांना तुझं भलं करायचं होतं. तू जन्मभर जे दिलंस त्यातलं थोडंसं तुला परत करावं, असंच त्यांच्या मनात होतं. खणणारी माणसं बाहेर थांबलेली होती, त्यांना कुठं जायचं ते सांगायचं होतं. बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की मला बघवेना.

आणि मलाही हवं होतं ते. हे तुला कळलं पाहिजे. मला ते त्यांच्याहून जास्त हवं होतं. ईस्टरची पहाट, तुम्ही दोघं शेजारी, मी मध्ये. त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, जे मला या जगात सगळ्यात चांगलं जमतं. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

पाळकसाहेबांनी बाबांना विचारलं, घरच्यांचं काय म्हणणं आहे? बाबांचे ओठ हलले. ते हो म्हणणार होते.

मला तुझा इतका राग आला होता त्या वेळी. तू जिवंत असताना दिलंस ते दिलंस, पण आता हे माझ्या हातून देववतेस, आणि तेही बाबांच्या देखत, त्यांचं एकच मागणं मोडून. मी काय म्हणून? मी तुझ्यासारखी नाही. मला मोठ्यानं प्रार्थनासुद्धा करता येत नाही. ती बाई माझी कुणी नव्हती, मी तिला कधी पाहिलंही नाही. तिचा मुलगा या क्षणी कुठल्या रानात कोयता चालवत असेल, त्याला वाटत असेल, आपली आई तिथं आहे. बास. एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याला वाटत असेल, ती तिथं आहे.

मी चौकटीचा आधार सोडला आणि पुढं गेले. सगळ्यांनी वळून बघितलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

“तिथं कडूबाई आहेत, काका. त्यांना हलवायचं नाही. बाबा, आत्याला नव्या जागेत नेऊ या. मी तिथं येत जाईन.”